मांजरीच्या पिलाला जुलाब लागले तर... दया हवी, जाणतेपणही हवे

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात एक प्रसंग अनेक घरी घडतो. उसाची तोड चालू असते. फडाच्या कडेला पाचटात मांजरीची तीन-चार पिले सापडतात. कोयत्यांच्या आवाजाने आई बुजून पळालेली असते. शाळेतून येणारे पोर त्यातले एक पिल्लू दप्तरात घालून घरी आणते. आई रागावते, "आपल्यालाच पुरंना, आन् हे कुठनं आणलंस?" पण रागावता रागावता तीच बशीत दूध ओतते. वर भाकरीचा कुस्करा घालते. पिल्लू चटाचटा खाते. पोर खूश आणि आईही खूश.

दुसऱ्या दिवशी पिलाला पाण्यासारखी शी होते. कोणी म्हणते, होईल बरं आपोआप. कोणी म्हणते, दृष्ट लागली. तिसऱ्या दिवशी पिल्लू मान टाकते. आणि पोर विचारते, "आई, आपण तर त्याला दूध दिलं होतं, मग ते मेलं कशानं?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा असे असते की ते पिल्लू आपल्या प्रेमानेच गेले. दूध प्रेमाने दिले, पण ते त्याच्या पोटाचे नव्हते. दवाखान्यात नेले नाही, कारण मांजराला दवाखान्यात न्यायचे असते हेच कोणी सांगितले नव्हते. म्हणून या आठवड्यात कुटुंबाच्या पानावर हा विषय घेतला आहे.

आपण मांजराची सेवा का करावी?

काही वाचक म्हणतील, आमच्या समाजाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागवले गेले, आणि आता आम्हालाच मांजराची सेवा सांगता काय? प्रश्न रास्त आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते, पण आपल्या आजा-पणजांना नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हा बाबासाहेबांनी हीच वेदना बोलून दाखवली होती. ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागवले जाते, त्याला आपला देश कसा म्हणावे, असा त्यांचा सवाल होता.

पण बाबासाहेबांचा तो राग मांजरावर नव्हता. माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेवर तो राग होता. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. तिच्यात नुसती दयाच नाही, त्यांचे पालनपोषण करण्याची जबाबदारीही आहे. दया मनात राहू शकते. पालनपोषण मात्र हातांनी करावे लागते आणि त्याला माहिती लागते.

सम्राट अशोकाने हेच केले. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात त्याने कोरून ठेवले आहे की आपल्या राज्यात आणि शेजारच्या राज्यांतही दोन प्रकारची चिकित्सा सुरू केली, एक माणसांसाठी आणि दुसरी पशूंसाठी. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या देशात जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था राज्याने केली होती. तेव्हा मांजराचे पिल्लू पदराखाली घेऊन दवाखान्याची पायरी चढणाऱ्या आपल्या भगिनीने लाजण्याचे कारण नाही. ती धम्मराजा अशोकाच्याच वाटेने चालली आहे.

उचलण्याआधी थांबा

उसात सापडलेले पिल्लू घरच्याच मांजराचे असेल असे नाही. आपल्या भागातील उसात रानमांजरे राहतात. अलीकडच्या वर्षांत बिबटेही आले आहेत. लहानपणी ही पिले सहज ओळखू येत नाहीत. रानमांजर आणि बिबट्या यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे, म्हणून ती घरी आणणे हा गुन्हा ठरतो. बिबट्याची मादी जवळपास असेल तर जिवाला धोका आहे तो वेगळाच. पिल्लू ठिपक्यांचे, दणकट किंवा वेगळे वाटले तर हात लावू नका. पोरांना दूर करा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

साध्या मांजराचे असले तरी आई बहुधा अंधार पडल्यावर परत येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. म्हणून आधी दुरून वाट पाहावी. आईच्या दुधाला तोड नाही. आई खरोखरच आली नाही किंवा मेलेली दिसली, तरच पिल्लू घरी आणावे.

दूध का बाधते?

मांजर आणि दूध ही जोडी आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिने असतात. गाईच्या दुधात दुधाची साखर पिलाला झेपेल त्याहून अधिक असते. ती आतड्यात पचली नाही की तशीच पुढे जाते, पाणी ओढून घेते, आंबते आणि पोट फुगून जुलाब होतात. म्हशीचे दूध स्निग्ध असते, तेही बाधते. पाणी घालून पातळ केले तर पोषण आणखी घटते आणि पिल्लू भुकेले राहते.

डोळे न उघडलेल्या किंवा नुकते उघडलेल्या पिलासाठी मांजराच्या पिलांची खास दूध पावडर मिळते. ती डब्यावर लिहिल्याप्रमाणे कोमट पाण्यात कालवून ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरींजने थेंब थेंब पाजावी. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी आणि पुढे दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथे धरूनच पाजावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुफ्फुसात जाते. ही पावडर मिळेपर्यंत काय द्यायचे ते पशुवैद्यालाच विचारावे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पिल्लू गार पडले असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. गार पिलाच्या पोटात दूध पचत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि पिलाला तिच्यापासून सरकायला जागा ठेवा. दुसरे असे की तीन आठवड्यांपर्यंतच्या पिलाला स्वतःहून शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आपण दर पाजण्याच्या वेळी ओल्या कोमट कापसाने तो भाग हलके पुसावा.

चार आठवड्यांनंतर मऊ अन्न सुरू करता येते. मांजर मांसाहारी प्राणी आहे, दूध-भाकरीवर ते नीट वाढत नाही. पिलांचे तयार खाद्य परवडत नसेल तर ते येईपर्यंत काही दिवस हाडे काढलेले, मीठ-मसाला न घातलेले उकडलेले कोंबडीचे मांस बारीक कुस्करून थोडे थोडे द्यावे. भिगवणच्या बाजारातून चिलापी आणली तर तिचा उकडलेला, काटे काढलेला तुकडा चालेल, पण डोकी-काटे पिलापुढे टाकू नयेत. खारवलेले सुकट-बोंबील, रस्सा, कांदा-लसणाचे कालवण अजिबात नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विष आहे. प्यायला साधे स्वच्छ पाणी नेहमी जवळ ठेवावे.

जुलाबाची इतर कारणे

दूध बंद केले तरी जुलाब थांबत नसतील तर कारण दुसरे आहे.

पहिले कारण जंत. आईच्या दुधातूनच जंत पिलात येतात. पिलाचे पोट ढोलासारखे आणि पाठीचा कणा हाताला लागणारा, अशी ही ओळख. कधी उलटीत किंवा शीत शेवयांसारखे जंत दिसतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पिसवांमुळे होणारा चपटा जंत समजावा. जंताचे औषध साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी देतात, पण ते वजनावर ठरते. शेळी-करडाचे औषध अंदाजाने पाजू नये. अंगारा लावून किंवा दृष्ट काढून जंत पडत नाहीत. ते औषधानेच पडतात.

दुसरे कारण डोळ्यांना न दिसणारे परजीवी. शी आंबूस, शेंबडासारखी, कधी रक्ताची होते. हे दवाखान्यात शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिसरे कारण सर्वांत घातक, मांजरांचा पार्व्हो म्हणजे पॅनल्युकोपेनिया. काल खेळणारे पिल्लू आज कोपऱ्यात बसते. ताप, पुन्हा पुन्हा उलट्या, मग जुलाब. पाण्याच्या भांड्यावर मान लोंबवून बसते पण पीत नाही. लस न दिलेल्या पिलांपैकी बहुतेक या रोगात जातात. लवकर नेले तर काही वाचतात. हा रोग माणसाला होत नाही, पण त्याचे विषाणू घरात वर्षभर टिकू शकतात. त्यामुळे एक पिल्लू गेले की लगेच दुसरे बिनलसीचे पिल्लू घरी आणू नये. जागा साबणाने धुऊन, मग एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर ब्लीच घालून पुसावी, दहा मिनिटे ओली ठेवावी आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन वाळवावी.

चौथे कारण पोटात गेलेली वस्तू किंवा विष. शिवणकाम करणाऱ्या घरात दोरा, सणात मांजा. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचे टोक दिसले तर कधीही ओढू नका, आतडे कापले जाते. तसेच नेऊन दाखवा. शेतात उंदरांसाठी ठेवलेले औषध, ते खाऊन मेलेला उंदीर, फवारणीचे डबे यांपासूनही सांभाळा.

हे चुकूनही करू नका

क्रोसिनसारखी पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा पिलाचा जीव घेते. माणसाची जुलाब बंद करण्याची गोळी देऊ नका. गाई-म्हशींच्या गोचिडांचे किंवा कुत्र्याच्या पिसवांचे औषध पिलाला लावू नका, त्यातील काही औषधांनी मांजर तडफडून मरते. शी झालेली फरशी फिनाईलने पुसू नका. पिल्लू पाय चाटते आणि फिनाईल पोटात जाते, जे मांजराचे शरीर बाहेर टाकू शकत नाही. आणि "पोटाला आराम" म्हणून लहान पिलाला दिवसभर उपाशी ठेवू नका. त्याच्या अंगात साठा नसतो, साखर उतरून ते बेशुद्ध पडते.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

हा भाग कापून भिंतीला लावून ठेवला तरी चालेल.

१) चार आठवड्यांखालील अंगावर पिणाऱ्या पिलाला जुलाब झाले तर त्याच दिवशी न्यावे, वाट पाहू नये.

२) एक ते तीन महिन्यांचे पिल्लू खेळते आहे, खाते आहे आणि एक-दोनदाच पातळ शी झाली, तर दूध बंद करून एक दिवस पाहावे. एका दिवसापेक्षा जास्त नाही.

३) पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर वय काहीही असो, तात्काळ न्यावे. शीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी. दोन-तीनदा उलटी. अर्धा दिवस काहीही न खाणे. हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या चिकट. डोळे खोल गेलेले. पंजे आणि तोंड आतून गार. पोट फुगून कडक. मान न धरणे, आचके येणे.

४) एकाच वेतातील दुसरे पिल्लूही आजारी पडले तर संसर्ग समजून दोन्ही न्यावीत आणि घरातील इतर मांजरे वेगळी ठेवावीत.

नेताना पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून आत मऊ फडके आणि गरम पाण्याची बाटली ठेवावी. ताज्या शीचा थोडा नमुना झाकणाच्या डबीत घ्यावा. काय खायला घातले, शी किती वेळा झाली, उलटी केव्हा झाली हे कागदावर लिहून न्यावे. पिल्लू अगदी गळाले असेल आणि दवाखाना लांब असेल तर साखरेच्या पाण्याचे बोट हिरड्यांना चोळावे. घशात ओतू नये.

कुठे न्यावे?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत राज्य शासनाचे आणि जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते गाई-म्हशींसाठी आहेत हा आपला समज अर्धाच खरा आहे. तेथे मांजरही दाखवता येते आणि तपासणीचे शुल्क नाममात्र असते. मांजराची लस आणि औषधे तेथे नेहमी असतीलच असे नाही, काही बाहेरून घ्यावी लागतील. बारामती शहरात खासगी दवाखानेही आहेत. फिरत्या पथकाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक मुख्यतः दुभत्या जनावरांसाठी आहे, तरी जवळचा दवाखाना कोणता हे विचारून पाहावे. आजार गुंतागुंतीचा असेल तर नीरा-लोणंदमार्गे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

पुष्कळजण दोन कारणांनी जात नाहीत. एक, पैसे. मजुरी बुडवून जायचे आणि खर्च करायचा, हे हातावर पोट असलेल्या घराला सोपे नाही. पण पहिल्या दिवशीचे जंताचे औषध आणि कातडीखाली दिलेले सलाइन स्वस्त पडते. चौथ्या दिवशी नेलेले पिल्लू महागही पडते आणि वाचतही नाही. खर्च किती येईल हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरे कारण लाज. "मांजराला कुठं दवाखान्यात न्यायचं असतं व्हय?" म्हणून लोक हसतात. हसू द्या. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या समाजाच्या माथी मारले गेले होते. जनावर जिवंत होते तोवर ते त्यांचे, मेले की आपले. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा, असे बजावले. आज त्याच समाजातील आई आजारी जनावर मरायच्या आत दवाखान्यात घेऊन जाते, तेव्हा ती आपल्या करात उभ्या राहिलेल्या सरकारी दवाखान्याचा हक्कही बजावते. हा बदल लहान नाही.

घरातील माणसांची काळजी

पिलाच्या शीतून जंताची अंडी लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. शी रोजच्या रोज कागदात उचलावी, हात साबणाने धुवावेत, पिलाला ताटाजवळ आणि अंथरुणात घेऊ नये. गर्भवती भगिनीने शी काढू नये, ते काम घरातील दुसऱ्या कोणी करावे. पिल्लू चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. हळद-चुना भरून बसू नये.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्व्होची लस सुरू करावी. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. तीन महिन्यांनंतर रेबीजची. आणि सहा महिन्यांच्या सुमारास निर्बीजीकरण करून घ्यावे, म्हणजे पुढच्या हंगामात आणखी पिले उघड्यावर मरणार नाहीत.

मुलांच्या हाती वही द्या

शेवटी मुलांविषयी. पिल्लू आणणारे पोर हे घरातील पहिले डॉक्टर असते. त्याला एक वही द्या. किराणा दुकानदाराला विनंती करून त्याच्या काट्यावर पिलाचे वजन करा. जन्मलेले पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते, रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढते आणि महिन्याचे झाले की सुमारे ४५० ग्रॅम भरते. रोजचे वजन, किती पाजले, शी कशी झाली हे मुलाने लिहावे. वजन एक दिवस थांबले तर लक्ष द्या. उतरले तर दवाखाना गाठा. मांजर आडवे गेले म्हणून मागे फिरणाऱ्या, काळे पिल्लू अशुभ म्हणून उकिरड्यावर टाकणाऱ्या जगात आपले मूल पाहून, मोजून, लिहून ठरवायला शिकेल. विहारातील धम्मवर्गात करुणा आणि प्रज्ञा हे शब्द ते ऐकतेच. येथे ते दोन्ही एकत्र वापरील.

सर्व उपाय करूनही काही पिले जातील. तेव्हा मुलाला खोटे सांगू नका. काय झाले, कशाने झाले, आपण काय केले, ते सांगा. पण पुढच्या खेपेला "आपण तर दूध दिलं होतं, मग ते मेलं कशानं?" हा प्रश्न त्याच्यावर पुन्हा येऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!